पाऊस आला, कपडे काढ

यादी मराठीत लिहायला मला वीस मिनिटं लागली. तीच इंग्रजीत उतरवायला अकरा दिवस.

झालं असं, की मेच्या शेवटी लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला जायचं ठरलं. खरं तर तिनेच इकडे यायचं. पण डॉक्टर तिकडचे, जावयांची नोकरी तिकडची, तेव्हा या वेळी माहेरच उचलून नाशिकला न्यायचं होतं. चांगला सव्वा महिना. नेमकी त्याच सुमारास माझ्या धाकट्या भावाची मुलगी, आमची चिऊ, इंग्लंडमधल्या लेस्टरहून तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी पवईला येणार होती. जन्म तिकडचा, शाळा तिकडची. मराठी समजतं, मोडकंतोडकं बोलते, वाचता मात्र अजिबात येत नाही. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तुझं घर रिकामंच आहे ना? मग पोरगी पीजीत कशाला राहील?"

रिकामं आहे हे खरं. पण विक्रोळीच्या कन्नमवार नगरातलं म्हाडाचं जुनं घर म्हणजे किल्ली फिरवली आणि राहायला लागलं, असं नसतं. पाणी पावणेसहाला येतं, साडेसातला जातं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. शेगडीचं डावीकडचं बटण जरा दाबून फिरवावं लागतं. त्यात कामाच्या मावशी मेमध्ये कोकणात गेल्या की पेरण्या आटोपल्याशिवाय परत येत नाहीत. म्हणजे धुणी, भांडी, केर, लादी सगळं पोरीच्या गळ्यात. म्हटलं, फ्रीजवर एक कागद चिकटवून जावं.

पहिला कागद मी एका बैठकीत लिहिला. बत्तीस वर्षं बँकेत काढली आहेत, इंग्रजीला मी घाबरत नाही. 'काइंडली एन्शुअर दॅट ऑल व्हेसल्स आर रिप्लेनिश्ड बिफोर सेव्हन थर्टी.' 'द लॅम्प शुड बी एक्स्टिंग्विश्ड बिफोर रिटायरिंग.' 'ड्राय वेस्ट टु बी डिस्पोज्ड ऑफ सेपरेटली.' शेवटी सही करायची तेवढी बाकी होती. फोटो काढून भावाला पाठवला. त्याचा आवाजी निरोप आला, त्यात पहिले दहा सेकंद नुसतं हसू. मग म्हणाला, "ताई, चिऊ विचारतेय, किती तारखेपर्यंत पैसे भरायचे?"

राग आला, पण तो चुकीचं बोलला नव्हता. माझं इंग्रजी फायलींतून आलेलं. बँकेत कोणी कपडे वाळत घालत नाही, दूध तापवत नाही. आणि घरात इंग्रजी आलं ते नुसती नामं घेऊन आलं. कुकर, गॅस, मिक्सर, फ्रीज, बेसिन, नॅपकिन. क्रियापद एकही नाही. कुकर आपण लावतो, गॅस बारीक करतो, मिक्सर फिरवतो, बेसिन घासतो. गेली पन्नास वर्षं स्वयंपाकघरात मी अर्धे शब्द इंग्रजी बोलत आले आणि एकही काम इंग्रजीत केलेलं नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

मग मोबाइलमधल्या भाषांतराच्या यंत्राला शरण गेले. मराठी वाक्य बोलायचं, इंग्रजी बाहेर येतं. मी म्हटलं, "पाऊस आला तर कपडे काढ." त्याने दिलं, 'पाऊस आला तर अंगावरचे कपडे उतरव' या अर्थाचं चोख इंग्रजी. टेक ऑफ युअर क्लोद्स. यांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "कन्नमवार नगरात गर्दी होईल." पुढचं वाक्य होतं, कुकर पडल्याशिवाय झाकण उघडू नकोस. यंत्राने कुकर खरोखरच खाली पाडला. पोरगी ओट्यासमोर उभी राहून कुकर कधी कोसळतो याची वाट बघत्येय, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी फोन बाजूला ठेवला.

समोरच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, सगळी कॉलनी त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. त्यांच्याकडे दोन्ही कागद घेऊन गेले. बाईंनी माझ्या पहिल्या कागदावर लाल पेन फिरवलं नाही, हे मला जरा अपमानास्पदच वाटलं. म्हणाल्या, "व्याकरण बरोबर आहे हो. फक्त असं घरात कोणी बोलत नाही. रिप्लेनिश, डिस्कार्ड, एक्स्टिंग्विश हा सगळा फ्रेंच-लॅटिनचा माल. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबार आणि कोर्टकचेरीत फ्रेंच शिरली. पण पुट, टेक, गो, कम हे त्याआधीपासूनचे. घरातलं काम या चिल्लरीवरच चालतं. तिला अप, डाऊन, इन, आउट, ऑफ, अवे अशी शेपटं जोडायची, झालं."

झालं काय! शेपूट बदललं की जनावरच बदलतं. टेक आउट म्हणजे बाहेर नेणं, टेक इन म्हणजे आत आणणं, टेक ऑफ म्हणजे अंगावरून उतरवणं आणि विमान असेल तर उडणं. बाई म्हणाल्या, डॉक्टर जॉन्सनने १७५५ साली आपला मोठा इंग्रजी कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्या माणसाला सगळ्यात जड जातं ते हे प्रकरण. कोश करणाऱ्यानेच अशी कबुली दिली म्हटल्यावर मला बरं वाटलं. चहा घेऊन घरी आले.

बाईंनी आणखी एक नियम सांगितला होता तो मी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला, कारण ती चूक मी बँकेतही करत आले असणार. पुट अवे द डिशेस म्हणा, नाहीतर पुट द डिशेस अवे म्हणा, दोन्ही चालतं. पण 'डिशेस'च्या जागी 'त्या' आलं की ते मधेच बसलं पाहिजे. पुट देम अवे. पुट अवे देम नाही. का, ते विचारू नका. मी विचारलं. बाई म्हणाल्या, "आपण 'मी तिला म्हटलं' असं का म्हणतो, 'मीने' का नाही, ते सांगा मग मी सांगते."

तरीही पेच होताच. नियम कळला म्हणून शब्द सुचत नाही. शब्दकोशात इंग्रजी शब्द शोधून अर्थ बघता येतो. मला उलटं हवं होतं. काम माझ्या हातात होतं, शब्द नव्हता. फडकं हातात धरून मी चिऊला व्हिडिओ कॉल केला तो त्या तिरीमिरीतच. म्हटलं, "मी बोलणार नाही. मी काम करते, तू बघून इंग्रजीत सांग मी काय करत्येय." शनिवार होता, ती पलंगावर लोळत होती. तिला खेळच मिळाला.

फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. आधी बादलीतलं फडकं काढून पिळलं. ती म्हणाली, "रिंगिंग इट आउट." मला वाटलं घंटा. तिने स्पेलिंग सांगितलं, सुरुवातीला एक मुका डब्ल्यू. मग तेच फडकं दोन्ही टोकांना धरून फट्‌कन झटकलं. "शेकिंग इट आउट." खिडकीशी जाऊन दोरीवर टाकलं, चिमटा लावला. "हँगिंग इट आउट." मी तिथेच थांबले. पिळणं, झटकणं, वाळत घालणं, आपल्याकडे तीन वेगळी कामं, तीन वेगळे शब्द. तिकडे तिन्हींच्या मागे आउट. आणि बरोबरच आहे की! पिळलं की पाणी बाहेर, झटकलं की सुरकुती बाहेर, दोरीवर टाकलं की कापडच बाहेर. मागून यांचा आवाज आला, "हँग आउट म्हणजे पोरं नाक्यावर उभी राहतात ते ना?" चिऊ म्हणाली, "तेही. पण काका, त्यात कपडे नसतात." मग स्वतःच्याच वाक्यावर ती इतकी हसली की फोन हातातून सुटला.

त्या एका कॉलवर पाऊण यादी झाली. ओटा पुसला, वाइप डाऊन. भांडी विसळली, रिन्स आउट. ताटाळ्यात लावली, पुट अवे. गॅस बारीक केला, टर्न डाऊन. केर काढताना मात्र तिने दोनदा शब्द बदलला. मी झाडू फिरवत होते तोवर नुसतं स्वीप. सुपडीत कचरा ओढायला लागले तसं स्वीप अप. आपण 'केर काढणं' आणि 'केर भरणं' म्हणतो तोच हा फरक. दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, हे मी तिला त्याच ओघात मराठीतच सांगून टाकलं. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, लक्ष्मी बाहेर जाते. "गोज आउट," ती गंभीरपणे म्हणाली.

भांडी घासण्याला तिने वॉशिंग अप म्हटलं. मी ते कुटुंबाच्या ग्रुपवर कौतुकाने टाकलं, तर न्यू जर्सीची माझी मावसबहीण लगेच उगवली, की वॉश अप म्हणजे हाततोंड धुणं, भांडी नाही. दोघीही खऱ्या. अटलांटिकच्या अलीकडे भांडी, पलीकडे हाततोंड. ग्रुपवर दोन दिवस हाच वाद चालला, मी नाद सोडून दिला. लेस्टरची पोरगी आहे, लेस्टरचं इंग्रजी.

रात्री वही उघडून मी इंग्रजी एका बाजूला, मराठी दुसऱ्या बाजूला मांडलं आणि मला जे दिसलं ते बाईंनीही सांगितलं नव्हतं. आपलीही क्रियापदं काही एकटी हिंडत नाहीत. पुस असं आपण क्वचितच म्हणतो. पुसून घे, पुसून ठेव, पुसून टाक, पुसून दे. शेपटं आपल्यालाही आहेत, फक्त ती अप-डाऊनची नाहीत. टाकून दे म्हटलं की वस्तूचा संबंध संपला. इंग्रजीत तिथे अवे किंवा आउट येतं. भरून ठेव म्हटलं की पुढच्या वेळेची सोय. आवरून टाक म्हटलं की एकदाचं संपव, तिथे अप. इंग्रजी शेपूट वस्तू कुठे गेली ते सांगतं, वर की खाली, आत की बाहेर. मराठी शेपूट सांगतं, काम कोणासाठी केलं आणि नंतर काय. फळा पुसून घे आणि फळा पुसून दे, यात फळा तोच, फडकंही तेच. फरक कळतो तो फक्त माणसांचा.

म्हणूनच 'घे' कुठेच बसेना. यादीत माझं तेरावं वाक्य होतं, 'ऑफिसमधून आलीस की आधी जेवून घे.' ईट अप म्हटलं तर ताटातलं संपव, असं होतं. ईट आउट म्हटलं तर हॉटेलात जा. नुसतं ईट म्हणजे आज्ञा झाली. त्या 'घे'मध्ये जी आत्या आहे ती इंग्रजीत उतरत नाही. शेवटी ते वाक्य मी रोमन लिपीत मराठीतच लिहिलं. 'आवर'चंही तेच. घर आवर म्हणजे टायडी अप, भाषण आवर म्हणजे रॅप अप, तुझं आवरलं का म्हणजे आर यू रेडी, आणि रडणं आवर म्हणजे आणखी चौथंच काहीतरी. एका शब्दाने आपण सगळी सकाळ ढकलतो.

काही ठिकाणी इंग्रजी फारच कंजूष निघालं. गो ऑफ घ्या. दूध गोज ऑफ म्हणजे नासतं. घड्याळाचा गजर गोज ऑफ म्हणजे वाजायला लागतो. लाइट गोज ऑफ म्हणजे जातो. माझ्या मसुद्यात हे सगळं एका पानावर आलं होतं, वर पाणीसुद्धा साडेसातला गोज ऑफ. बाईंनी वाचलं, चष्मा काढला. "पोरगी वाचेल की तुमच्याकडचं पाणी साडेसातला नासतं." मग ते स्टॉप्स केलं. प्रत्येक ठिकाणी शेपटाचा अट्टहास कशाला. याउलट दूध उतू जाण्याला मात्र सरळ सुंदर बॉइल ओव्हर आहे. उकळून काठावरून पलीकडे. उतू जाणं हे मला आजवर फक्त दुधाचंच माहीत होतं, आणि थोडं सासूबाईंच्या रागाचं. चिऊ म्हणाली, तिकडेही राग बॉइल ओव्हर होतो.

दिव्यापाशी मी अडले ते शब्दामुळे नाही. शब्द होता, पुट आउट. पण सुका कचरा दाराबाहेर ठेवायचा तोही पुट आउट. ज्या क्रियापदाने कचरा काढायचा त्यानेच देवापुढचं निरांजन मालवायचं, हे हाताला लिहवेना. आपण तर विझव असंही म्हणत नाही, दिवा शांत झाला म्हणतो. बाईंना हे सांगितलं तर त्यांनी अर्थातच डोक्याला हात लावला. पण उपाय त्यांनीच दिला. लिहा, तेल थोडंच घाल आणि दिव्याला आपला आपण जाऊ दे. लेट इट गो आउट ऑन इट्स ओन. हे मला पटलं. चांगलं माणूस जावं तसं वाटतं ते.

कपड्यांचं शेवटी काय झालं, ते राहिलंच. टेक ऑफ तर नाहीच. टेक डाऊन चाललं असतं, पण चिऊ म्हणाली तिची आई म्हणते ब्रिंग इन द वॉशिंग. वॉशिंग म्हणजे इथे धुणं, वॉशिंग अप म्हणजे भांडी. एका अपने मोरीतून सिंकमध्ये. असो. 'इफ इट रेन्स, ब्रिंग इन द वॉशिंग.' कुकरचं वाक्य झालं, प्रेशर आपोआप कम्स डाऊन होईपर्यंत झाकणाला हात लावू नकोस. अकराव्या दिवशी कागद फ्रीजवर लागला. एकवीस ओळी, त्यातल्या दोन मराठीत.

या सगळ्यात ज्या शब्दाचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, त्यानेच घात केला. पाणी भरण्यासाठी मी लिहिलं होतं, 'टॉप अप द ड्रम एव्हरी मॉर्निंग.' टॉप अप हे मी स्वतः शोधलं होतं. फोनचं बॅलन्स टॉप अप करतात, ओळखीचं वाटलं. नाशिकला जाऊन नऊ दिवस झाले तेव्हा चिऊ फोनवर सहज म्हणाली, "आत्या, ड्रम मी रोज टॉप अप करते हं, जस्ट लाइक यू सेड." मी विचारलं, आधीचं ओतून देतेस ना? गप्प. मग म्हणाली, "बट दॅट्स नॉट टॉपिंग अप." बरोबर तिचंच. टॉप अप म्हणजे आहे त्यात वरून भर. शिळं पाणी ओतून ताजं भरायचं, हे आपल्या 'पाणी भर'मध्ये न बोलता असतं, टॉप अपमध्ये नसतं. नऊ दिवस मोरीतल्या पिंपाच्या तळाशी तेच पाणी. आणि पावसाळ्याच्या तोंडावर! डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. महापालिकेचे लोक या दिवसांत टॉर्च घेऊन घरोघरी पिंपात डोकावतात ते काही उगीच नाही.

तिला म्हटलं, आत्ताच्या आत्ता टॉर्च मारून बघ. फोन चालू ठेवूनच ती गेली. "देअर आर टायनी थिंग्ज. दे आर विगलिंग." नाशिकला बसून माझे हातपाय गार. मग फोनवरून एकेक करत सांगितलं आणि सगळी शेपटं न अडखळता तोंडात आली, त्याचं मला नंतर नवल वाटलं. टिप इट आउट. स्क्रब इट आउट. रिन्स इट आउट. ड्राय इट आउट. सगळीकडे इट मधेच, बाईंच्या नियमाप्रमाणे. पिंप घासण्याचा आवाज येत होता. तिने फ्रीजवरच्या कागदावर टॉप अप खोडून काय लिहिलं ते फोटोतून कळवलं. 'एम्प्टी आउट, देन फिल अप. आठवड्यातून एकदा घास.' घास हा शब्द तिने रोमन अक्षरांत लिहिला होता, एस तीनदा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी नातीला तेल लावत बसले होते. हे खुर्चीत पेपर वाचत, लेक जरा पडलेली. चिऊचा निरोप वाजला. हल्ली ती माझ्याशी हट्टाने मराठीतच बोलते. फोन टेबलावर होता, हात तेलाचे, म्हणून यांनीच बटण दाबलं. मागे पावसाचा सडसडाट आणि धापा टाकत ती सांगत होती, "आत्या, जोरात पाऊस आला! मी सगळे कपडे काढले!"

यांनी पेपर खाली घेतला.

चार सेकंदांनी दुसरा निरोप आला. "दोरीवरचे! आत्या, दोरीवरचे!"